दार बंद, कडा उघडा

बँक असो वा पतपेढी, ग्राहकास पहिला उपदेश होतो तो परवलीच्या शब्दाविषयी. तो लांब ठेवा, कठीण ठेवा, कोणास सांगू नका. उपदेश योग्यच आहे. परंतु तो शब्द तपासणारा पहारेकरीच डुलक्या घेत असेल, तर ग्राहकाच्या दक्षतेस अर्थ तो काय उरला?

ही शंका काल्पनिक नव्हे. जगभर माहितीचा साठा सांभाळणाऱ्या ‘मायएसक्यूएल’ या संगणक प्रणालीचेच उदाहरण घ्या. २००० साली तिच्या ३.२२ या आवृत्तीत असे आढळले की, समोरून जेवढ्या लांबीचे उत्तर येईल तेवढेच ती ताडून पाही. एकच अक्षर पाठवावे, ते जुळले की प्रवेश! २००४ साली ४.१ आवृत्तीच्या आरंभीच्या रूपांत तर रिकामे उत्तरही चालून जाई. २०१२ साली कळस झाला. तुलनेचे उत्तर मोठ्या अंकात येई आणि साठवले जाई लहान जागेत. त्या कापाकापीत काही प्रतींमध्ये साधारण २५६ वेळांतून एकदा चुकीचा शब्दही बरोबर ठरे. वापरकर्त्याचे नाव ठाऊक असले की सुमारे तीनशे प्रयत्न पुरेसे. संगणकास त्यासाठी क्षणभरही लागत नाही.

मुक्त आज्ञावलीचाच हा दोष, असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. २०१२ मध्येच ‘ओरॅकल ११जी’ या बंदिस्त, महागड्या प्रणालीतही उणीव उघड झाली. ओळख पटण्यापूर्वीच ती अशी माहिती हाती देई की, परक्यास आपल्या घरी बसून शब्द हुडकता यावा. तात्पर्य, प्रणाली कोणतीही असो, ती निर्दोष मानून स्वस्थ बसणे हाच खरा प्रमाद.

आपल्याकडे मात्र पैसे गेले की दोष ग्राहकाचा! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि, कायदा चोरीनंतर धावतो; बैल गेल्यावर झोपा बांधून काय उपयोग?

पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था यांच्या दप्तरी आपली नावे, खाती, मुलांच्या जन्मतारखा असतात. तेव्हा वार्षिक सभेत ताळेबंदाइतक्याच आग्रहाने तीन प्रश्न विचारावेत. सभासदांच्या माहितीचा साठा थेट इंटरनेटवर उघडा तर नाही ना? प्रणालीतील दुरुस्त्या शेवटच्या केव्हा बसविल्या? आणि हे काम नावानिशी कोणाकडे सोपविले आहे?

रायगडाचे दरवाजे मिटल्यावर हिरकणी कडा उतरून गेली, अशी कथा आहे. महाराजांनी तिला दोष दिला नाही. ज्या कड्यावरून वाट सापडली, तेथे बुरूज उभारला. संस्थाचालकांनी घ्यावा असा धडा तो हाच.