गोलरक्षकाचा हिशेब

फुटबॉलमध्ये इतर दहा जणांच्या चुका झाकल्या जातात. आघाडीच्या खेळाडूने समोरचा गोल हुकवला तर प्रेक्षक ‘अरेरे’ म्हणतात आणि पाच मिनिटांत विसरतात. गोलरक्षक चुकला की मात्र लगेच फलकावर आकडा लागतो. आमच्या कॉलेजच्या मैदानावर तर ज्याला धावता येत नाही त्याला गोलात उभे करायची प्रथाच आहे, आणि सामना हरलो की सगळे त्याच्याकडेच वळून पाहतात!

हे मैदानापुरतेच राहिले असते तर लिहायचे कारण नव्हते. परंतु ब्राझीलच्या मोआसिर बार्बोझाची हकीगत वाचली आणि मनस्वी चीड आली.

१९२१ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय गोलरक्षक रिओच्या वास्को द गामा क्लबचा. १९४८ साली चिलीत दक्षिण अमेरिकेतील विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली. अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघात तेव्हा दि स्टेफानोसारखा खेळाडू होता. तो सामना ०-० असा बरोबरीत सुटला आणि स्पर्धा वास्कोने जिंकली. पुढच्याच वर्षी ब्राझील दक्षिण अमेरिकेचा विजेता ठरला, तेव्हाही गोलात बार्बोझाच.

मग १६ जुलै १९५० उजाडला. माराकाना स्टेडियममध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षक. विश्वचषकासाठी ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलने गोल केला. पुढे उरुग्वेच्या घिगियाने उजव्या बगलेवरून मुसंडी मारून चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोने बरोबरी साधली. ७९व्या मिनिटाला तोच घिगिया तसाच धावत आला. बार्बोझाने काय करावे? पुन्हा चेंडू मध्येच येणार हे ओळखून तो किंचित पुढे सरला. घिगियाने तो आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून चेंडू मारला. उरुग्वे २, ब्राझील १.

याला चूक म्हणायला मी तयार नाही. क्षणार्धात अंदाज बांधणे हेच तर गोलरक्षकाचे काम! आणि आधीच्या दोन सामन्यांत स्वीडनवर ७ व स्पेनवर ६ गोल चढवणारी आघाडीची फळी त्या दिवशी एकाच गोलावर का थांबली? स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या अदेमीरला कोणी जाब विचारला? दोष आला तो बार्बोझा, बिगोदे आणि जुव्हेनाल यांच्या माथी. तिघेही कृष्णवर्णीय. हा निव्वळ योगायोग मानण्याइतका मी भाबडा नाही.

काही क्रीडाप्रेमी म्हणतील, नाव कमावले की शिव्याही खाव्या लागतात. एखादा हंगाम शिव्या दिल्या तर समजू शकतो. पण १९९३ साली हा म्हातारा राष्ट्रीय संघाच्या सराव-शिबिरात खेळाडूंना भेटायला गेला, तर अपशकुन होईल म्हणून त्याला आतही घेतले नाही! आपल्याकडे घरात काही वाईट घडले की नव्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे, अशा अर्थाचे उद्गार बार्बोझाने काढले होते. २००० साली तो वारला.

पराभवाच्या त्याच हंगामात वास्कोने रिओचे अजिंक्यपद जिंकले. गोलरक्षक बार्बोझाच होता. १९५२ साली पुन्हा जिंकले. १९६२ साली, वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी त्याने खेळ थांबवला. पुढे पोटासाठी त्याच माराकाना स्टेडियममध्ये नोकरी केली. मी वाचलेल्या लेखात या साऱ्या वर्षांना मिळून एकच ओळ होती.