बंध नावाचा अतिचार

दीपावलीच्या अमावास्येला, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, आपल्या घराघरांत नव्या वहीचे पूजन होते. पहिल्या पानावर स्वस्तिक उमटते, शुभ-लाभ लिहिले जाते आणि हात जोडून वर्षाचा पहिला आकडा मांडला जातो. त्याच सुमारास पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आणखी एक वही उघडली जाते. भातकापणी संपलेली असते आणि घरातले धान्य वर्षभर पुरणारे नसते. वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम येतो आणि उचल देतो. अंगठा उठतो. दिवाळी सरताच ते कुटुंब लेकराबाळांसह भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर निघते.

पावसाळ्यापूर्वी हिशेब होतो. उचल वजा, आठवड्याची खर्ची वजा, आजारपणात दिलेले पैसे वजा. उरले तर हातात पडते, न उरले तर पुढच्या वर्षाच्या पानावर बाकी चढते. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्याकडे कामाला जायचे नाही, ही अट कुठे लिहिलेली नसते. तरीही ती मोडण्याची छाती होत नाही. ही दुसरी वही वाचायला शिकलेल्या माणसांविषयी आज लिहावयाचे आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' हा शब्द रूढ होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा सावकाराच्या घरी राबे, आणि हळद उतरण्यापूर्वीच त्याची बायकोही त्या कामाला जुंपली जाई. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली समाज या वेठीविरुद्ध उभा राहिला. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. त्या कायद्याने वेठीचे कर्ज रद्द ठरवले. ते वसूल करणे हाच अपराध झाला, आणि हे कर्ज वेठीचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला गेला.

कायदा झाला, पण तो पाड्यावर नेणार कोण? हे काम विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी अंगावर घेतले. त्यांनी वसई परिसरात १९७९ साली विधायक संसद आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी केली. वेठबिगाराला शोधणे तुलनेने सोपे असते. कठीण असते ते 'मी वेठबिगार आहे' हे त्याच्याकडून ऐकणे. कर्ज फेडले पाहिजे ही त्याची नीती असते, आणि त्याला बांधून ठेवणारी दोरीही तीच असते. म्हणून आधी विश्वास, मग जबाब, मग तहसीलदार-प्रांतांच्या कार्यालयातील खेटे, आणि अखेर मुक्ततेचा दाखला, असा हा लांबचा रस्ता आहे. दाखला मिळाला तरी दुसऱ्या दिवशी चूल कशाने पेटणार, हा प्रश्न उरतोच. पुनर्वसनाची मदत वेळेवर न पोहोचल्यास मुक्त झालेला माणूस पुन्हा त्याच दारात उभा राहतो. भट्टीवर जाणाऱ्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून भट्ट्यांजवळच भोंगाशाळा भरवण्यात आल्या. भोंगा म्हणजे मजुरांची झोपडी. या कार्यासाठी लंडनच्या 'अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल' या संस्थेने पंडित दांपत्याला १९९९ साली पुरस्कार देऊन गौरविले.

हे सारे आपल्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला आमच्याच घरात सापडले. आजोबांच्या दुकानाच्या जुन्या वह्या आवरताना एका हमालाचे खाते दिसले. बाकी सात वर्षे पुढे ओढलेली होती, आणि आठव्या वर्षी त्याच खात्यावर त्याच्या मुलाचे नाव होते. आजोबा चुलीत घालण्यापूर्वी प्रत्येक लाकूड उलटून पाहत, आत जीव नाही ना याची खात्री करीत. सूर्यास्तानंतर त्यांनी कधी पाणी घेतले नाही. त्या खात्यात काही वावगे आहे, हे त्यांच्या मनातही आले नसेल. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. इतका जीव जपणाऱ्या नजरेतूनही काय निसटू शकते, याचा मला धक्का बसला, म्हणून लिहितो.

कारण आपल्या शास्त्रात याला नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ते आपण बहुधा गाई-बैलांच्या संदर्भात समजावून घेतो. परंतु पहिलाच अतिचार बंध आहे, इच्छित ठिकाणी जाण्यापासून जिवाला अडविणे. दावे सुताचे असो वा बाकीच्या आकड्याचे, अडविणे तेच. चौथा अतिचार झेपेल त्याहून अधिक भार लादण्याचा आहे आणि पाचवा अन्नपाणी रोखण्याचा. कमी मजुरी आणि थकवलेली मजुरी यांचे स्थान या यादीत कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली किमान वेतनाहून कमी दराने करून घेतलेले काम हे वेठीचेच काम ठरवले.

'उचल दिली नाही तर माणूस मिळत नाही, आणि देऊन पळाला तर आमचे पैसे बुडतात,' हे आपल्या व्यापारी बांधवांचे म्हणणे खोटे नाही. पैसे देणे हा दोष नव्हेच. अडचणीत दिलेली रक्कम उपकारच ठरते. दोष सुरू होतो तो 'फिटेपर्यंत जायचे नाही' या वाक्यापाशी. म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. मजुरी आणि उसनवारी यांची खाती वेगळी ठेवावीत. मजुरी किमान वेतनाप्रमाणे, वेळेवर, काम करणाऱ्याच्याच हातात द्यावी, आणि पत्नीची मजुरी पत्नीच्या हातात. हिशेब त्याला वाचून दाखवावा व त्याची प्रत द्यावी. बापाची बाकी मुलाच्या नावावर कदापि चढवू नये. आपण बांधकामासाठी विटा घेतो, तेव्हा त्या भट्टीवर मजुरी कशी दिली जाते, एवढे विचारावे. गाळलेले पाणी पिणाऱ्यांना ही चौकशी जड जाऊ नये.

चंदनबालेची कथा आपण पर्युषणात ऐकतो. राजकन्या असूनही ती विकली गेली आणि एका श्रेष्ठीच्या घरी आली. तिच्या पायांत बेड्या पडल्या त्या त्याच घरात. श्रेष्ठी भला होता, पण बेड्या त्याच्याच उंबरठ्यावर होत्या. भगवंतांनी कौशांबीतील दारोदारचा आहार नाकारून तिच्या हातचे उडदाचे बाकुळे स्वीकारले. पुढे तीच त्यांच्या साध्वीसंघाची प्रमुख झाली.

येत्या वहीपूजनाला नवी वही मांडण्यापूर्वी जुनी एकदा उघडावी. कोणाची बाकी वर्षानुवर्षे पुढे येत असेल, तर त्या माणसाला बोलवावे, शेजारी बसवावे आणि त्याच्यादेखत ते पान बंद करावे.