सैनिकांनो, दाखला घेऊन या!

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य २५ लाखांच्या घरात गेले. त्यांत मोठा भरणा शेतकऱ्यांच्या पोरांचा. ती सुटणार म्हणून सरकारने जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व नोकरीचे खाते काढले. आजच्या रोजगार कचेऱ्यांचे मूळ तेच. परंतु पलटणीत मोटार हाकणे, तारायंत्र चालविणे शिकूनही हाती दाखला नसेल, तर कचेरी काय करणार? तो गडी पुन्हा औतामागेच! २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी चौघांत फार तर एकासच पुढे ठेवण्याचे ठरले. तेव्हा मायबाप हो, पोराला पगार विचारता, तसेच ‘धंदा कोणता शिकलास? दाखला घेतलास काय?’ हेही विचारा. सरकारनेही दाखल्यावाचून एकाही शिपायाला घरी धाडू नये.