पन्नास रुपयांची पोफळ

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. कोणाच्या वाडीत किती माड पडले, कोणाचे छप्पर उडाले, ही वार्ता शेजाऱ्यांनीच एकमेकांस पोहोचविली. नुकसानीची पहिली खरी नोंद तीच होय. शासनाचे माप मात्र हेक्टरांचे! गुंठ्यांच्या वाडीवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा झाडागणिक मदत ठरली: माडास 250 रुपये आणि पोफळीस 50!

समुद्रापासून दूर, तापीच्या खोऱ्यात, डोईफोडियाच्या केळीबागांशेजारी राहणाऱ्या आम्हांसही वाऱ्याचा तडाखा ठाऊक आहे. परंतु आडवी झालेली केळ नव्याने लाविली तर वर्षा-दीड वर्षात घड देते. पोफळीस फळ धरण्यास कित्येक वर्षे लागतात. तोवर वाडीवाल्याने खावे काय?

ही मदत आहे, मोबदला नव्हे, असा युक्तिवाद होईल. मान्य, पण मदतीलाही काही माप हवे की नको? पंचनामा हा नावाप्रमाणेच पंचांचा असतो. मग शेजाऱ्यांनी मोजलेली झाडे त्यात धरा, आणि झाडाचे मोल बुडालेल्या उत्पन्नाच्या वर्षांवर ठरवा.

ज्या सुपारीस आपण गणपती म्हणून पूजेत बसवितो, ती पिकविणाऱ्याची अशी बोळवण आपण मुकाट्याने पाहावी काय? देवस्थानांच्या विश्वस्तांनी ही मागणी आपली मानून शासनापुढे मांडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.