दुखणं वायरीच्या टोकाला



स्नेहसंमेलनाची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. पडदा वर जातो. चौथीतला एक चिमुरडा भाषणाला उभा राहतो. महिनाभर घोकून पाठ केलेलं भाषण! तो "अध्यक्ष महोदय" म्हणतो न म्हणतो तोच... खर्रर्र! आवाज गुडूप. मग कुणी माईकवर टिचक्या मारतं, कुणी फुंकर घालतं, "हॅलो, हॅलो" होतं. तोवर पोराचं भाषण संपतं, आणि ते पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे कुणालाच ऐकू गेलेलं नसतं. वर्षातून एकदा मिळणारी संधी हुकली ना!

सगळे म्हणतात, "मशीन बिघडलं." पण मशीन पुष्कळदा ठणठणीत असतं, बरं का! दुखणं असतं वायरीला. आणि तेही मधे कुठे नाही, तर टोकाशी, जिथे वायर पिनेत शिरते तिथे. म्हणून आज आपण वायरींची ओळख करून घेऊ या. ओळख झाली की काळजी घेणं सोपं जातं.

माईकची किंवा टीव्हीच्या अँटेनाची वायर आतून कशी असते, ठाऊक आहे? मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती प्लॅस्टिकचं वेष्टण, त्यावर बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यात वर रबरी किंवा प्लॅस्टिकचं आवरण. ती जाळी शोभेची नव्हे. बाहेरची विजेची खरखर आत शिरू नये म्हणून ती पहारा देते. अँटेनाच्या वायरीला कोअ‍ॅक्सिअल म्हणतात. तिचं पेटंट ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1880 साली घेतलं होतं. तेव्हा टीव्हीचा पत्ताही नव्हता!

आता पिना पाहू. जुन्या डीव्हीडी-प्लेअरला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिना असत. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. रंगाला रंग जुळवला की काम झालं. तिला आरसीए पिन म्हणतात, कारण त्या नावाच्या अमेरिकन रेडिओ कंपनीने ती काढली. कानात घालायच्या हेडफोनची पिन 3.5 मिलीमीटर जाडीची. तिची थोरली बहीण 6.35 मिलीमीटरची. ही थोरली मूळची टेलिफोन एक्स्चेंजमधली. एकोणिसाव्या शतकात फोन जोडून देणारे लोक अशीच पिन या भोकातून काढून त्या भोकात घालत. आजच्या टीव्हीला आणि प्रोजेक्टरला लागते ती चपटी एचडीएमआय पिन. तिच्या इवल्याशा तोंडात 19 बारीक पट्ट्या असतात. त्यातली एक जरी दबली तरी चित्र रुसू शकतं.

आणि माईकची ती तीन काड्यांची गोल पिन? तिला एक्सएलआर म्हणतात. तिची करामत मोठी गमतीची आहे. सातवीतल्या मुलांनी धन-ऋण संख्या आठवाव्यात. या वायरीत आवाज दोन तारांतून जातो, पण एकीतून सुलटा आणि दुसरीतून उलटा. समजा, आवाज 5 आहे. एका तारेत +5, दुसरीत −5. वाटेत कुठून तरी 2 इतकी खरखर शिरली. ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. मग पहिलीत झाले 7 आणि दुसरीत −3. पलीकडचं यंत्र पहिल्यातून दुसरी वजा करतं. 7 − (−3) = 10. खरखर गायब, आणि आवाज दुप्पट! वजाबाकी कुठे उपयोगी पडते, हे आता विचारू नका.

पण ही सगळी हुशारी वायर धड असेल तरच. ती धड कशी ठेवायची?

पहिला नियम: पिन काढताना पिनेला धरा, वायरीला ओढू नका. आपला कान धरून कुणी आपल्याला उठवलं तर कसं वाटेल? वायर ओढली की आतल्या बारीक तारा पिनेपासून सुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र जोड कधी लागतो, कधी तुटतो. खर्रर्र होतं ते यामुळे. एक्सएलआर पिनेला खटका असतो. तो दाबल्याशिवाय ती बाहेर येणार नाही. जबरदस्ती करू नका.

दुसरा नियम: मान मोडू नका. पिनेच्या मागे रबराची छोटी नळी असते ना, ती वायरीची मान. वायर एकदम काटकोनात वळू नये म्हणून ती असते. टीव्ही भिंतीला अगदी चिकटवला की एचडीएमआयची वायर तिथेच चेपते. चार बोटं जागा सोडा. जड वायर सॉकेटला लोंबकळत ठेवू नका. भिंतीला आधार देऊन वीतभर ढील राहू द्या.

तिसरा नियम: गुंडाळताना घाई नको. कोपर आणि पंजा यांच्याभोवती करकचून गुंडाळायची आपल्याकडे सवय आहे. त्याने प्रत्येक वेढ्यागणिक वायरीला पीळ बसतो. मोठी मोठी सैल वेटोळी करा. एक वेढा नेहमीसारखा घातला की पुढचा मनगट उलटं फिरवून घाला. म्हणजे एकाचा पीळ दुसरा सोडवतो आणि उलगडताना गाठ पडत नाही. वर जुन्या नाडीने सैलसर बांधा.

चौथा नियम: माईकची वायर आणि विजेची वायर शेजारी शेजारी झोपवू नका. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा मागे-पुढे होते. तिचा परिणाम माईकच्या वायरीवर झाला की स्पीकरमधून "घूंऽऽ" असा आवाज येतो. दोघींत हातभर अंतर ठेवा. ओलांडावंच लागलं तर अधिकच्या चिन्हासारखं ओलांडा. रंगमंचावर येण्या-जाण्याच्या वाटेतली वायर सतरंजीखाली लपवू नका. कडेने न्या किंवा चिकटपट्टीने जमिनीला धरून ठेवा. नाहीतर नाचणारी मुलं अडखळतील.

पिना स्वच्छ ठेवायच्या. पावसाळ्यात आणि कोकणासारख्या खाऱ्या हवेत तांबं काळं पडतं. काही पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. म्हणून ब्लेडने किंवा पॉलिशपेपरने खरवडू नका. मुलामाच निघून जाईल! सगळं बंद करून, पिना काढून कोरड्या सुती फडक्याने पुसा. तेल-पाणी लावू नका.

इतकं करूनही बिघाड झाला तर? एक वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. आमच्या शाळेतल्या टीव्हीवर "सिग्नल नाही" अशी पाटी येऊ लागली आणि तो दोन महिने चादरीखाली झाकून पडला. दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे, यावर चर्चा चालू होती. तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती प्रोजेक्टरची वायर लावून बघू या का?" लावली. चित्र आलं! जुनी वायर मानेशी चेपून मेली होती. एक वायर बदलली आणि सगळ्या वर्गाला टीव्ही परत मिळाला. या पोरीला काही जादू येत नव्हती. माईक बदलून पाहा, मग वायर, मग सॉकेट. जे बदलल्यावर बिघाड जातो, तोच चोर. मात्र पिन काढण्या-घालण्यापूर्वी आवाजाचं बटण शून्यावर आणा, नाहीतर स्पीकरमधून "धाडकन" होईल.

आणि एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. भिंतीतला विजेचा बोर्ड, प्लग आणि यंत्राचं पोट ही तुमची जागा नव्हे. तिथे 230 व्होल्ट असतात. ते काम मोठ्यांचं. विजा कडाडत असताना गच्चीवरच्या डिशच्या किंवा अँटेनाच्या वायरीला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

करून पाहा: कागदाला लावायच्या दोन सारख्या तारेच्या क्लिपा घ्या आणि सरळ करा. टोकं टोचतात, तेव्हा जपून. एक तार एकाच जागी कडक दुमडा आणि सरळ करा; ती कितव्या वेळी तुटते ते मोजा. दुसरी जाड पेन्सिलीभोवती हळूच वळवा आणि सरळ करा, तिचेही मोजा. दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पिनेच्या मानेवर ती रबरी नळी का असते, ते मग कुणी सांगायला नको.

आता सांगा, यंदाच्या स्नेहसंमेलनात वायरींचे राखणदार कोण होणार? त्या चिमुरड्याचं भाषण शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू गेलं पाहिजे!

तुमच्या,
बाई