घरातला कर्ता गेला, तर कोणती सरकारी मदत मिळते? आणि ती किती दिवसांत मागायची?

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शेतकरी वारला, तर कुटुंबाला काय मिळतं? याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: मृत्यू कशामुळे झाला आणि कागद किती दिवसांत दिले.

आधी मृत्यूची नोंद

1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. तेरवी उरकते तोवर त्यातले 13 दिवस गेलेले असतात. नंतरही नोंद होते, पण विलंब शुल्क लागतं. वर्ष उलटलं, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. मृत्यू दवाखान्यात झाला, तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. घरी झाला, तर ग्रामपंचायतीत घरच्यांनीच कळवायचं.

अपघात असेल तर

साप चावणं, वीज पडणं, विजेचा शॉक किंवा रस्ते अपघातात मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख रुपये मिळतात. वयाची अट 10 ते 75 वर्षं. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो शेतकरी आणि घरातली आणखी एक व्यक्ती यात येते. प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. त्यासाठी पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जपून ठेवा.

आत्महत्या असेल तर

मुंडे योजनेत आत्महत्या बसत नाही. तिथे 1 लाखाची वेगळी मदत आहे, जी जानेवारी 2006 मध्ये ठरली. त्यातले 30 हजार लगेच मिळतात, 70 हजार मासिक प्राप्ती योजनेत ठेवले जातात. पात्र कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. शेतजमीन कुटुंबाच्या नावावर हवी आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. अडचण इथेच होते. हातउसनं आणि विनापरवाना सावकाराचं कर्ज कागदावर दिसतच नाही.

पासबुक नक्की बघा

मृताच्या खात्यातून दरवर्षी 436 रुपये कापले जात असतील, तर तो जीवनज्योती विमा आहे. सुरुवातीचे 30 दिवस सोडले, तर कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला 2 लाख मिळतात. 20 रुपये कापले जात असतील, तर तो सुरक्षा विमा. त्यात फक्त अपघाती मृत्यूला 2 लाख आहेत. दावा बँकेतच करायचा. याशिवाय दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली 18 ते 59 वयाची कमावती व्यक्ती गेली, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे 20 हजार रुपये तहसीलमधून मिळतात.

वारसनोंद

वारसा हक्काने जमीन मिळाली, तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. अनेक घरांत हे वर्षानुवर्षं राहून जातं. म्हणूनच 2025 मध्ये शेजारच्या बुलढाण्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर नेली. मयताचं नाव सातबाऱ्यावर तसंच राहिलं, तर पीककर्ज आणि पीएम किसान अडतं.

मूळ प्रश्न काय?

मृत्यूची नोंद सरकारकडेच होते. तरीही कृषी कार्यालय, तहसील, तलाठी आणि बँक अशा चार दारांवर तीच बातमी कुटुंबाला पुन्हा सांगावी लागते. सगळ्यात जास्त धावपळ दुःखाच्या पहिल्या महिन्यातच करावी लागते. म्हणून नातेवाईक, शेजारी यांनी भेटायला जाताना एवढं काम हाती घ्यावं: मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून द्या आणि 30 वा दिवस कोणत्या तारखेला येतो, ते घरच्यांना लिहून द्या.