अण्णांनी 'अलाउ' दाबलं म्हणून



चातुर्मासात कोणत्या भाज्या कशा करायच्या ते या वेळी लिहिते म्हणाले होते. ते पुढच्या खेपेला. आज डोकं तापलेलं आहे, आणि ते कशानं तापलंय हे सांगितल्याशिवाय माझ्या हातून भाजीची कृती नीट लिहून होणार नाही.

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. मुलांचे प्रोजेक्ट, लाइटचं बिल, कधीमधी प्रिंट, एवढंच आमचं काम. त्याचे खरे मालक अण्णा, म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर हट्टानं एक्सेल शिकले, आणि गेली काही वर्षं दशलक्षण पर्वातल्या भोजनाचा, वर्गणीचा सगळा हिशोब तेच ठेवतात. दहा रुपयांचा फरक लागत नसेल तर रात्री उठून दिवा लावतात.

यंदा श्रावणात त्या संगणकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवायला लागला. आधी केसगळतीचं तेल. मग रमी. मग अंडा-बिर्याणीवर सूट. मग सुनेनं सासऱ्यांच्या शेजारी उभं राहून बघू नयेत अशी चित्रं. फुली मारली की दुसरा चौकोन वर. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, पण या जाहिराती पाच-पाच मिनिटांनी यायच्या. आणि एके दिवशी लाल पट्टी आली. एका नामांकित अँटिव्हायरसचं बोधचिन्ह, खाली मजकूर: तुमच्या संगणकात १७ व्हायरस सापडले आहेत, सर्व फाइल्स नष्ट होतील, ताबडतोब इथे दाबा.

अण्णांनी थेट भिंतीवरचं बटण बंद केलं. दोन दिवस ते त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातून काहीतरी झालंय. हिशोब गेला असेल तर जो फरक येईल तो मी माझ्या पेन्शनमधून भरीन."

पोळी तव्यावर करपली.

आता आम्ही घरातल्या शहाण्या माणसांनी काय केलं ते ऐका. आमचे हे म्हणाले, "अण्णा, तुम्ही नको तिथे क्लिक करता." मुलगा हसला. आणि मी? मी बोलले काही नाही, पण ती चित्रं पाहिल्यापासून माझ्या मनात एक घाणेरडी शंका येऊन गेली होती की अण्णांनीच काहीतरी उघडलं असेल. मंदिराचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाबद्दल! त्याबद्दल मी त्यांच्याकडे क्षमा मागितली आहे. इथेही लिहून ठेवते, कारण ही शंका फक्त माझ्याच घरात आली असेल असं मला वाटत नाही.

मग संगणक रिक्षात घालून एका दुकानात नेला. तिथल्या मुलानं स्क्रीनकडे दोन सेकंद बघितलं आणि सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागेल, नवीन अँटिव्हायरस टाकावा लागेल, दोन हजार." मी विचारलं, "आतल्या फाइल्स?" तो म्हणाला, "बघू, सांगता येत नाही." मी संगणक उचलून परत आणला.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो याच ऑनलाइन जाहिरातींच्या धंद्यात आहे. म्हणाला, "आत्या, व्हायरस-बियरस काही नसणार. क्रोम उघड. वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, तिथून सेटिंग्ज. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स." तिथं खाली एक यादी निघाली. कोणकोणत्या वेबसाइटला आमच्या पडद्यावर सूचना पाठवायची परवानगी आहे त्याची. एकतीस नावं! धड वाचताही येणार नाहीत अशी, नुसती अक्षरांची खिचडी. प्रत्येकापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'रिमूव्ह' दाबत गेले. शेवटी वरचा पर्याय बदलला, म्हणजे यापुढे कोणत्याही साइटनं परवानगी मागायचीच नाही. भाच्याच्या सांगण्यावरून एक्स्टेन्शन्समध्ये डोकावले, तिथं कूपन शोधून देणारं एक अनोळखी बाहुलं बसलं होतं, ते काढलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावून पाहिली, त्यातलं एक फुकटचं 'पीडीएफ कन्व्हर्टर' काढलं. विंडोजबरोबर येणारी स्वतःची सुरक्षा असते, तिनं पूर्ण तपासणी करून घेतली. ती तेवढी सावकाश चालली. बाकी सगळं मिळून पंधरा मिनिटं. खर्च शून्य. व्हायरस शून्य. अण्णांचा हिशोब जसाच्या तसा, पैशापर्यंत.

तुमच्याकडे कधी अख्खा पडदाच अडकला, भोंगा वाजायला लागला आणि एखादा फोन नंबर दिसायला लागला, तर घाबरू नका आणि त्या नंबरवर चुकूनही फोन करू नका. एस्केपचं बटण दाबून धरा, नाहीतर ऑल्ट आणि एफ-चार एकत्र दाबा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का' असं विचारतो, त्याला नाही म्हणा. तरीही शंका उरली तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर तपासणीची साधनं फुकट मिळतात.

पण माझं भांडण इथं सुरू होतं.

त्या यादीतल्या एका नावावरून अण्णांना आठवलं. त्यांना एका स्तोत्राच्या जुन्या पुस्तकाची पीडीएफ हवी होती. एका पानावर ती सापडली. तिथं लिहिलं होतं: तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा. अण्णा रोबोट नाहीत. त्यांनी दाबलं. पीडीएफ मिळालीच नाही, वर त्या पानाला आमच्या घरात यायचा कायमचा परवाना मिळाला, आणि तिथून पुढे पानामागून पान, परवान्यामागून परवाना.

भाचा म्हणतो, "आत्या, तांत्रिकदृष्ट्या ही संमतीच आहे. आम्ही याला ऑप्ट-इन म्हणतो." मी म्हटलं, बाळा, पाठशाळेतल्या सहा वर्षांच्या मुलाला अचौर्य शिकवतात तेव्हा काय सांगतात? न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. तत्त्वार्थसूत्रातली चोरीची व्याख्याही एवढीच आहे. कुलूप फोडलं का, भिंत चढला का, हे तिथं कोणी विचारत नाही. अण्णांनी 'मी माणूस आहे' एवढं सांगितलं होतं. 'माझ्या डोळ्यांसमोर दिवसातून शंभर वेळा ये' असं त्यांनी सांगितलं नव्हतं. एका गोष्टीवर सही घेऊन दुसऱ्या कागदाला चिकटवणाऱ्या सावकाराच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या आहेत. त्याला कोणी ऑप्ट-इन म्हणत नव्हतं.

त्यानं दुसरा मुद्दा काढला. फुकट वेबसाइट जाहिरातींशिवाय कशा चालणार? अरे, जाहिरातीला कोण नाही म्हणतंय! आम्ही व्यापारी समाजातली माणसं. आपल्या पर्वाच्या पत्रिकेचं मागचं पानही जाहिरातींवरच छापलं जातं. सकाळच्या पेपरात अर्धं पान साड्यांचं असतं, मी ते आवडीनं बघते. क्रांती चौकात मोठमोठे फलक आहेत, ते आपल्या जागी उभे असतात. गुलमंडीत दुकानदार हाका मारतो, पण तो माझ्यामागे घरात येऊन सासऱ्यांच्या हिशोबाच्या वहीवर बसत नाही. आणि 'तुमच्या घराला आग लागलीय' असं खोटं ओरडून बादली तर मुळीच विकत नाही.

या पॉप-अपचा जन्म कसा झाला ते शोधत होते, तेव्हा एक गोष्ट कळली. १९९०च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर ईथन झुकरमन नावाचा माणूस काम करत होता. एका मोटार कंपनीची जाहिरात चुकून अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी चिडली. म्हणून त्यानं जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडायची सोय केली. उद्देश एवढाच की पान आणि जाहिरात एकत्र दिसू नयेत. पुढं काय झालं ते आपण भोगतोच आहोत. पण याच माणसानं २०१४ साली 'द अटलांटिक' मासिकात लेख लिहून जाहीर माफी मागितली. मला त्याचं कौतुक वाटलं. आपण वर्षातून एकदा क्षमावाणीला हात जोडतो, त्यातलं किती मनापासून असतं ते आपलं आपल्याला ठाऊक.

त्या जुन्या खिडक्या खरं तर ब्राउझरनीच बंद केल्या होत्या. २००४ मध्ये विंडोज एक्सपीबरोबरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येसुद्धा पॉप-अप अडवायची सोय आली. मग २०१५ मध्ये क्रोमनं वेबसाइटना सूचना पाठवायची मुभा दिली. हेतू चांगला असेल, बातमी यावी, निरोप यावा. पण पुढचं दार बंद केल्यावर जे बाहेर ताटकळत होते ते या खिडकीतून आत आले, आणि या वेळी हातात घरच्या माणसाची परवानगी घेऊन आले. म्हणून मी म्हणते की दोष बोट दाबणाऱ्याचा नाही. गणिताचा मास्तर जिथं फसतो तिथं ते फसवण्यासाठीच मांडलेलं असतं.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या मांडणीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. वारंवार टोचणी लावणं, घुमवून प्रश्न विचारणं, जाहिरात आहे हे लपवणं. आणि शेवटचा तर हुबेहूब आमचा: संगणकात व्हायरस आहे असं भासवून खोट्या उपायासाठी पैसे काढायला लावणं. सरकारनं याला अनुचित म्हटलंय आणि आपण घरात बसून अण्णांना अनुचित ठरवतोय! अडचण एवढीच की त्या एकतीस नावांना ना पत्ता ना मालक. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण तक्रार कोणाविरुद्ध सांगू? मग ज्या ब्राउझरनं ती खिडकी ठेवली त्यानं ती जन्मतः बंद का ठेवू नये? ज्याला हवी तो उघडील. आज उलटं आहे. बंद कशी करायची हे शोधायला मला भाचा लागला. ज्याला भाचा नाही त्यानं काय करायचं?

त्या लाल पट्टीमागे कोण असतं हेही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं 'ऑपरेशन चक्र-२' नावाखाली देशभरात ७६ ठिकाणी झडती घेतली. त्यातली काही प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून होती. परदेशातल्या माणसाच्या पडद्यावर 'संगणक बिघडला, या नंबरवर फोन करा' असं दाखवायचं, त्यानं घाबरून फोन केला की भारतातल्या कॉल सेंटरमधला मुलगा गोड इंग्रजीत बोलून पैसे काढणार. सात समुद्रापलीकडे कोणाचे तरी अण्णा असेच बटण बंद करून बसले असतील. आणि फोनच्या या टोकाला बसलेली मुलं परग्रहावरची नाहीत. कोणाच्या तरी घरून डबा घेऊन निघालेली आहेत. आईनं 'नोकरी लागली' म्हणून पेढे वाटले असतील. स्थळ बघताना पगार विचारतो ना आपण, तसं 'काम नेमकं काय करतो' हेही विचारत जाऊ. भाच्यालाही मी तेच विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आत्या, आमच्या क्लायंटच्या साइटवर पण ते परवानगीचं विचारतं. आत शिरल्या शिरल्या." मी म्हटलं, मग उद्या ऑफिसात जाऊन बोल. बोलला की नाही अजून कळलेलं नाही. विचारणार आहे.

पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. हा नंबर मी फ्रिजवर चिकटवलाय, गॅसच्या नंबरशेजारी.

अण्णा परत बसू लागलेत. भाद्रपदातला हिशोब त्यांनीच पूर्ण केला, फरक शून्य. पण आधी ते आत एकटे बसायचे आणि मध्येच हाक मारून 'चहा' म्हणायचे. आता पडद्यावर काहीही आलं, साधं 'फाइल सेव्ह करू का' असं विचारलं, तरी माऊसवरचा हात उचलतात, मांडीवर ठेवतात आणि हाक मारतात, "सूनबाई, जरा येतेस का? हे काहीतरी विचारतंय."